भोपाळचा अंक मुलं काढतात तेव्हा

आमच्या इंदूरच्या शाळेत नववीची मुलं डिसेंबर आला की भोपाळच्या वायुदुर्घटनेवर वर्तमानपत्र काढतात. ते भिंतीवर लागलं की एखादी आजी हमखास विचारते, "अहो बाई, एवढ्याशा पोरांना हे मरणाचं कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकात हा विषय चार ओळींत संपतो. 2-3 डिसेंबर 1984 ची रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट, हजारो मृत्यू. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण असं वाचलं की वाटतं, भूकंपासारखंच काहीतरी झालं असेल, नशिबाचा खेळ. वर्तमानपत्र काढायला लावलं की हा समज टिकत नाही.

आमची पद्धत साधी आहे. पाच-सहा मुलांच्या प्रत्येक गटाला एक तारीख द्यायची. नियम एकच: त्या दिवशी जेवढं कळलं होतं तेवढंच छापायचं.

पहिल्या गटाची तारीख ऑक्टोबर 1982. मुलं चक्रावतात, "मॅडम, तेव्हा तर काही झालंच नव्हतं!" झालं होतं. डिसेंबर 1981 मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीनच्या गळतीने अशरफ खान नावाचा कामगार दगावला. राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने त्याचा माग काढला आणि 1982 मध्ये आपल्या छोट्याशा साप्ताहिकात, 'रपट'मध्ये, शहराला धोका आहे असं एकदा नाही, लागोपाठ लिहिलं. जून 1984 मध्ये त्यांनी तेच 'जनसत्ता'त लिहिलं. त्या पत्राचे संपादक प्रभाष जोशी म्हणजे आपल्या इंदूरच्या 'नई दुनिया'त, राहुल बारपुत्यांच्या हाताखाली तयार झालेले. म्हणजे छापून आलं होतं; वाचून कोणी हललं नाही.

दुसरा गट 4 डिसेंबर 1984 चा. यांचं काम सगळ्यात अवघड. हमीदिया रुग्णालयात त्या रात्री माणसांची रीघ लागली होती आणि वायू कोणता, उपाय काय, हे डॉक्टरांनाच धड माहीत नव्हतं. टाकीत पाणी शिरलं, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारी मशाल बंद होती, हे सगळं नंतर बाहेर आलं. मुलांना ते ठाऊक असतं, पण लिहिता येत नाही. मग ती घरी फोन करतात. एकीच्या भोपाळच्या आजीने सांगितलं, "कोणी मिरच्या जाळल्यात असंच वाटलं ग. ठसका थांबेना, ओलं फडकं तोंडाला लावून पळालो." पोरीने पहिल्या पानावर तेच छापलं, आकडा खाली ठेवला.

आकड्यांचा तर वेगळाच धडा आहे. सरकारचा सुरुवातीचा आकडा 2,259, पुढे मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला 3,787, आणि तिथल्या संघटना सांगतात तो याच्या कितीतरी पट. "मग खरा कोणता?" असं मुलं विचारतात. मी उत्तर देत नाही. कोणी मोजलं, कधी मोजलं, कोणाला मोजलं नाही, हे शोधायला लावते.

पुढचे गट: फेब्रुवारी 1989, सर्वोच्च न्यायालयातली 47 कोटी डॉलरची तडजोड. जून 2010, सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन. 1984 ते 2010 किती वर्षं झाली, हे वजाबाकी करून मुलं गप्प होतात.

दोन वर्षांपासून... नाही, जानेवारी 2025 पासूनच म्हणा, एक नवी तारीख आली आहे. कारखान्यातला सुमारे 337 टन विषारी कचरा 12 कंटेनरांतून पीथमपूरला आला आणि त्या जूनअखेर तिथे जाळला गेला. पीथमपूर आपल्यापासून तासाभरावर. लोक रस्त्यावर उतरले. यशवंत सागरच्या पाण्याचं काय, असं इंदुरातही विचारलं गेलं. प्रशासन म्हणालं, सगळं शास्त्रीय पद्धतीने होतंय. हा अंक काढताना मुलांनी दोन्ही बाजू छापल्या आणि शेजारी 1982 चा अंक लावला. आता कचऱ्याचं भाकीत करणं आमचं काम नाही. पण इशारा आला की तो कोण देतंय, कशाच्या आधारावर, आणि उत्तर कोणी दिलं की नाही, एवढं पाहायची सवय लागली तरी पुष्कळ.

म्हणून त्या आजींना माझं उत्तर असं: मुलांना मेलेल्यांची भीती घालायची नाही. कोणाचं ऐकलं गेलं नव्हतं, ते दाखवायचं आहे.

तुमच्यापैकी अनेकांचे आप्त तेव्हा भोपाळला होते. ट्रंकेत, कपाटात 1984 चे पिवळे अंक, पत्रं, तारा असतील तर रद्दीत घालू नका. आणि ज्यांनी ती रात्र पाहिली ते घरात असतील, तर नातवंडांना त्यांच्याजवळ बसवा. डिसेंबरपर्यंत वाट पाहायची गरज नाही.