स्त्री-इंजिनियरांचे संघटन

विद्या केवळ बुद्धीच्या बळावर टिकत नाही. ती संपादन करणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते. पुरुषांना हा आधार घराण्याच्या व धंद्याच्या परंपरेने बहुधा आपसूक मिळत आला. स्त्रियांना मात्र तो स्वतःच उभारावा लागला. यंत्रविद्येच्या प्रांतात हे कसे घडले, त्याचा इतिहास मननीय आहे.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील पुरुष रणभूमीवर गेले, तेव्हा दारूगोळ्याच्या व यंत्रांच्या कारखान्यांत लक्षावधी स्त्रिया कामास लागल्या. 1918 साली युद्ध थांबले. पुढच्याच वर्षी, कारखान्यांतून युद्धपूर्व वहिवाट पुन्हा चालू करण्याचे बंधन मालकांवर घालणारा कायदा झाला. काल ज्यांच्या कौशल्याची वाखाणणी होत होती, त्या असंख्य स्त्रियांना यंत्रापासून दूर व्हावे लागले. कौशल्य तेच होते. गरज तेवढी सरली होती.

अशा समयी, 23 जून 1919 रोजी, सात स्त्रियांनी ‘विमेन्स इंजिनियरिंग सोसायटी’ स्थापन केली. वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांची पत्नी कॅथरिन व कन्या रेचल या दोघीही संस्थापिकांत होत्या; रेचल पहिल्या अध्यक्षा झाल्या. चिटणीसपद कॅरोलिन हॅस्लेट यांनी सांभाळले व ‘द वुमन इंजिनियर’ हे नियतकालिक चालविले. शिक्षण व नोकरी यांविषयी सभासदांनी परस्परांस माहिती द्यावी आणि विखुरलेल्या स्त्रियांची एकमेकींशी गाठ पडावी, हा संस्थेचा हेतू होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मद्रासेस एका तेलुगू कुटुंबात ए. ललिता यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी विवाह आणि अठराव्या वर्षी वैधव्य. पदरी चार महिन्यांची मुलगी. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्यास काय येई, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात विद्युत्‌शास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्या पाठिंब्याने मुलीला तेथेच प्रवेश मिळवून दिला. शेकडो मुलांत ती एकटी पडू नये, म्हणून कॉलेजने अन्य मुलींनाही आवाहन केले, आणि पुढील वर्षी लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया या दोघी दाखल झाल्या. ललितांना विद्युत् शाखेची पदवी मिळाली, तेव्हा छापील प्रमाणपत्रातील पुल्लिंगी सर्वनाम खोडून तेथे स्त्रीलिंगी सर्वनाम हाताने लिहावे लागले. थ्रेसिया 1971 साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य इंजिनियर झाल्या.

ललितांनी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली. पुढे कलकत्त्यास एका वीजसामग्रीच्या कंपनीत दीर्घकाळ काम केले. भाक्रा-नांगलच्या विद्युत्‌जनित्रांच्या कामातही त्यांचा सहभाग होता. 1964 साली न्यूयॉर्क येथे स्त्री-इंजिनियर व शास्त्रज्ञ यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या. भारतात अशी संघटना नसल्याने त्यांना व्यक्तिशःच जावे लागले. 1965 साली त्या लंडनच्या उपर्युक्त संस्थेच्या सभासद झाल्या. ज्या वर्षी संस्था जन्मली, त्याच वर्षी जन्मलेली ही स्त्री शेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या पंक्तीत बसली. 1979 साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी त्या परिषदेचे सहावे अधिवेशन मुंबईस भरले.

या हकिगतीत एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. ललितांच्या बुद्धीबद्दल शंका नव्हती. तथापि बापाचा हात, प्राचार्यांचा पाठिंबा आणि दोघी सोबतिणी नसत्या, तर ती बुद्धी घराच्या चार भिंतींतच राहिली असती. आज आपल्या समाजातील मुली तांत्रिक विद्यालयांत मोठ्या संख्येने जातात, हे भूषणावह आहे. परंतु प्रवेशाचे दार उघडून दिले म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. परगावच्या कारखान्यात एकटी पडलेल्या मुलीस आपल्याच व्यवसायातील वडीलधारी स्त्री कोठे भेटेल, अडचण कोणाजवळ सांगता येईल, याचीही तजवीज समाजाने करावयास हवी. गिंडीच्या कॉलेजला जे एका विद्यार्थिनीसाठी सुचले, ते आपणांस अनेकींसाठी का सुचू नये?