राजाच्या डोक्यावरचं आवाळू

आमच्या अब्बांच्या टोपीखाली एक आवाळू होतं. पन्नाशी उलटली आणि न्हाव्याची कात्री माझ्याही डोक्यावर अडखळली. कॅन्सर तर नसेल? रात्रभर झोप नाही.

तेव्हा इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज आठवला. त्याच्या डोक्यावरचं आवाळू कापलं ॲस्टली कूपर या नामांकित सर्जननं. हात सराईत, पण मनात धास्ती: जखम चिघळून धावरं पसरलं तर? ती भीती खोटी नव्हती. ईथरची भूल आली १८४६ साली, लिस्टरची जंतुनाशक पद्धत १८६७ साली. राजानं कळ शुद्धीवरच सोसली. जखम भरली आणि १८२१ साली कूपर ‘बॅरोनेट’ झाले. (आवाळवानं एवढी बढती दुसऱ्या कुणाला दिली नसेल!)

ही तेलग्रंथीची गाठ, असं पुष्कळ वर्षं समजत. खरं तर ती केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून होते, आत केराटिन साठतं. बहुधा निरुपद्रवी, आणि अनेकदा वारशानं येणारी. माझ्या डॉक्टरांनी बोटांनी चाचपूनच ओळखली. जागा बधिर करून पिशवीसकट काढली. पिशवी मागं राहिली तर गाठ पुन्हा भरते. तपासणीला मात्र पाठवली.

अहवाल चांगला आला. आता धाकटा भाऊ माझ्यासमोर टोपी काढायला तयार नाही.