श्वास, ऋतू आणि वेळापत्रक : बडोद्यातील सरावाच्या मर्यादांचा इतिहास

महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूने दिवसात किती तास आणि वर्षातील कोणत्या महिन्यांत सराव करावा, हे लेखी नियमाने ठरवण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाली. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९९१ मध्ये असा नियम केला की, हंगाम चालू असताना खेळाडूकडून दिवसाला चार आणि आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक सक्तीचा सराव घेऊ नये, आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी आणि हंगाम संपल्यावर ही मर्यादा आठ तासांवर आणावी. भारतीय विद्यापीठांच्या क्रीडाव्यवहारात अशी तासांची मोजणी आढळत नाही. तथापि एवढ्यावरून येथे सरावाला मर्यादाच नव्हती असे मानणे चुकीचे ठरेल, कारण आजच्या वडोदऱ्यात, म्हणजे जुन्या बडोदे संस्थानाच्या राजधानीत, सरावाचे माप आणि त्याचा ऋतू यांविषयीचा विचार आखाड्यात, ग्रंथांत आणि पुढे महाविद्यालयात सलगपणे दिसतो. फरक इतकाच की ते माप घड्याळावर नव्हे, तर शरीरावर घेतले जात होते.

या विचाराचे मूळ आयुर्वेदात आहे. सुश्रुतसंहितेने व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’ या संज्ञेने सांगितली आहे. बलार्ध म्हणजे माणसाच्या एकूण शक्तीचा निम्मा भाग. व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागला, म्हणजे निम्मी शक्ती खर्च झाली असे समजावे आणि तेथे थांबावे, असा हा दंडक असून कपाळ, नाक, काखा आणि सांधे यांवर फुटणारा घाम व तोंडाला पडणारी कोरड हीही त्याची लक्षणे मानली गेली. वाग्भटाने अष्टांगहृदयात याला ऋतूची जोड दिली : स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवान माणसाने थंडीत आणि वसंतात निम्म्या शक्तीने व्यायाम करावा आणि इतर काळात त्याहूनही कमी. अति व्यायामाने तहान, क्षय, दमा, रक्तपित्त, खोकला, ताप आणि वांती हे विकार होतात असे तो बजावतो, आणि जो शक्तीबाहेर श्रम करतो तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असेही सांगतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, हे माप प्रत्येक माणसागणिक बदलते. ज्याचा श्वास लवकर फुलतो त्याचा व्यायाम लवकर संपतो, आणि दमसास वाढला की मर्यादा आपोआप पुढे सरकते. तासांच्या नियमात ही लवचीकता नसते. त्याच्या बदल्यात बाहेरच्या माणसाला तपासता येण्याची सोय असते.

वैद्यांचा हा विचार मल्लांपर्यंत कसा पोचला, हे दाखवणारे दोन महत्त्वाचे संस्कृत ग्रंथ बडोद्यातूनच छापून निघाले, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या आश्रयाने सुरू झालेल्या ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाले’त कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ श्रीगोंदेकर यांनी संपादित केला आणि त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘मल्लविनोद’ या प्रकरणात राजाच्या पदरी असलेल्या मल्लांचे वय व बळ यांनुसार वर्ग पाडले असून त्यांचा आहार आणि श्रम यांची व्यवस्था सांगितली आहे. वजन उचलणे हा भारश्रम, चालणे-धावणे हा भ्रमणश्रम, पोहणे हा सलिलश्रम आणि खांबावर करावयाचा तो स्तंभश्रम. यांतील शेवटच्या प्रकारात अभ्यासक मल्लखांबाची पूर्वखूण पाहतात. दुसरा ग्रंथ ‘मल्लपुराण’ हा असून त्याचे संपादन भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता यांनी केले व तो याच ग्रंथमालेत १९६४ मध्ये निघाला. उत्तर गुजरातमधील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्ल, म्हणजे पिढ्यानपिढ्या कुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या ब्राह्मणांचे हे कुलपुराण होय. श्रीकृष्णाने मोढेऱ्याच्या एका ब्राह्मणाला मल्लविद्या दिली अशी कथा त्यात आहे, परंतु ग्रंथाचा खरा जीव व्यवहारात आहे : मल्लांचे प्रकार, व्यायामाच्या जाती, आखाड्याची माती कशी सिद्ध करावी, आणि सहा ऋतूंपैकी कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे. आहार ऋतूप्रमाणे बदलायचा म्हटला की श्रमही ऋतूप्रमाणे बदलणे ओघानेच येते, कारण मल्लाच्या जगात खुराक आणि मेहनत यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही.

एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाडांनी मल्लांना मोठा आश्रय दिला. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात, हत्तींच्या झुंजी आणि कुस्त्या हा दरबारी करमणुकीचा मुख्य भाग होता. १८६० नंतरच्या दशकात बडोद्यास आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने हाताला धारदार नखे बांधून खेळल्या जाणाऱ्या रक्तरंजित लढतींचे वर्णन करून ठेवले आहे. अशा दरबारी मल्लाचे वर्ष सणांभोवती आणि राजाच्या मर्जीभोवती फिरत असे. त्याला दुसरा व्यवसाय नव्हता, त्यामुळे सरावाचे तास वाचवण्याची गरजही नव्हती. मर्यादा होती ती वस्तादाची. पहाटे जोर आणि बैठका, त्यानंतर हौद्यातील माती उकरून लढत, मग विश्रांती व खुराक, आणि सायंकाळी पुन्हा हलकी मेहनत हा तालमीचा सर्वसाधारण दिनक्रम होता. कोणत्या पठ्ठ्याने किती जोर मारायचे आणि कोणाला कोणाशी लढवायचे हे वस्ताद नजरेने ठरवत असे. लेखी नियम नसला, तरी ही सत्ता कडक होती. तिचा दोष असा की, वस्ताद चुकला तर त्याच्यावर दाद मागण्याची सोय नव्हती, आणि तालमींचे गुणगान करणारे लेखक हा भाग सहसा सोडून देतात.

ही दरबारी परंपरा नागरिकांच्या व्यायामात कशी बदलली, हे जुम्मादादांच्या आखाड्याच्या इतिहासातून समजते. जुम्मादादा हे बडोद्यातील नामांकित मुसलमान वस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी पुढे हा आखाडा चालवला, तो जुम्मादादा व्यायाममंदिर या नावाने नावारूपाला आणला आणि सयाजीरावांकडून ‘राजरत्न’ ही पदवी मिळवली. प्रोफेसर माणिकराव या नावानेच ते सर्वत्र ओळखले जात. त्यांनी घडवलेला महत्त्वाचा प्रकार म्हणजे ‘संघव्यायाम’, अर्थात अनेकांनी एका तालावर, देशी आज्ञांवर एकत्र करावयाचा व्यायाम. वरवर पाहता ही केवळ पद्धतीची सुधारणा वाटते, पण सरावाच्या मर्यादेच्या दृष्टीने तिचा परिणाम खोल होता. एका पठ्ठ्याचा श्वास पाहून त्याला थांबवणे शक्य असते. शंभर मुले रांगेत उभी असताना सर्वांनी एकाच क्षणी सुरू करावे व एकाच क्षणी थांबावे लागते, आणि मग मर्यादा शरीराच्या ऐवजी आज्ञेच्या व वेळेच्या ताब्यात जाते. शाळा आणि महाविद्यालये ज्या रीतीने व्यायाम घेऊ शकत होती ती हीच रीत होती.

माणिकरावांच्या शिष्यांत या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण जगन्नाथ गणेश गुणे यांचे आहे. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झालेले गुणे १८८३ मध्ये बडोदे संस्थानातील डभोई येथे जन्मले, बडोदे कॉलेजात शिकले, आणि १९०७ ते १९१० या वर्षांत माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धती शिकले. म्हणजे ते एकाच वेळी महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आखाड्याचे शिष्य होते. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण व रक्तदाब यांच्या साहाय्याने मोजण्याचा प्रयत्न केला. थकवा येईपर्यंत केलेला व्यायाम हा चांगला व्यायाम नव्हे, हे बलार्धाचे जुने सूत्र त्यांच्या हाती प्रयोगशाळेच्या भाषेत आले, आणि मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात सहभागी होऊन त्यांनी ते शाळांपर्यंत नेले.

दरम्यान बडोद्यात वेळेच्या मर्यादेचा दुसरा, अधिक काटेकोर प्रकार रुजत होता. हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम तयार करून त्यांनुसार स्पर्धा भरवल्या, आणि लगेच पुढच्या वर्षी खो-खोचेही नियम प्रसिद्ध झाले. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आधीच बांधले होते, आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने या खेळांची नियमावली एकत्र आणली. गावकुसाबाहेर अंधार पडेपर्यंत चालणारा खेळ आता ठरावीक मिनिटांच्या डावांत, मध्यंतरासह आणि पंचांच्या देखरेखीखाली खेळला जाऊ लागला. मात्र हे नियम सामन्याच्या वेळेचे होते, सरावाच्या वेळेचे नव्हते. आणि सामन्यातील विश्रांतीचा नियमसुद्धा तो मागणारा कोणी असेल तरच उपयोगी पडतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी राहिलेले खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानी मल्लाशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम असूनही तो बजावून सांगणारा भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे त्यांच्या कांस्यपदकाच्या कथेत नेहमी सांगितले जाते.

आखाड्यातील तोंडी ज्ञान कागदावर आणण्याचे बडोद्यातील सर्वांत मोठे काम द. चिं. मुजुमदार यांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने केले. १९३६ ते १९४९ या काळात मराठीत निघालेल्या या कोशाच्या दहा खंडांत कुस्ती, मल्लखांब, लाठी, जोडी आणि योगासनांपासून देशी-विदेशी खेळांपर्यंतची माहिती चित्रांसह संकलित झाली, आणि त्यावर आधारलेला इंग्रजी ग्रंथ १९५० मध्ये बडोद्यातूनच निघाला. एका संस्थानी शहरात, महायुद्ध आणि कागदटंचाई यांच्या काळात हे काम तडीस जावे, याचे श्रेय राजाश्रयाइतकेच तेथील मराठी वाचकवर्गालाही द्यावे लागते.

महाविद्यालयाचा इतिहास मात्र निराळ्या वाटेने गेला. १८८० नंतरच्या वर्षांत सुरू झालेले बडोदे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते, आणि त्यामुळे त्याचे वर्ष मुंबईच्या पत्रिकेने चालत असे : पावसाळ्याच्या आरंभी पहिले सत्र, दिवाळीनंतर दुसरे, वसंतात परीक्षा आणि उन्हाळ्यात दीर्घ सुट्टी. ज्या उन्हाळ्यात वाग्भटाच्या मते व्यायाम मंद असावा त्या काळात महाविद्यालय बंद असे, ही गोष्ट सोयीची होती. अडचण दुसऱ्या टोकाला होती. हेमंत आणि शिशिर, म्हणजे कार्तिक संपल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ हा शरीर सर्वाधिक श्रम पेलण्याचा काळ, आणि तोच दुसऱ्या सत्राचा, म्हणजे अभ्यासाचा काळ. क्रिकेटचा हंगामही त्याच महिन्यांत येतो. १९३५-३६ पासून खेळल्या जाणाऱ्या रोहिंटन बारिया चषकाने आंतरविद्यापीठ क्रिकेटला नियमित स्वरूप दिले, आणि तेव्हापासून गुणी विद्यार्थ्याच्या हिवाळ्यावर मैदान व ग्रंथालय या दोघांनीही हक्क सांगितला. व्यावसायिक अथवा संस्थानी नोकरीतील खेळाडूला हा पेच नव्हता. १९४७ च्या मार्च महिन्यात, ऐन परीक्षेच्या हंगामात, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध रणजी चषकाच्या अंतिम सामन्यात बडोद्यास ५७७ धावांची भागीदारी रचली, तेव्हा त्यांच्या डोक्यावर कोणत्याही विद्यापीठाचे वेळापत्रक नव्हते.

१९४९ मध्ये बडोद्यास स्वतंत्र महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या. आता शहराला स्वतःची शैक्षणिक पत्रिका आखता येत होती, पण हिवाळ्याचा पेच सुटला नाही, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वेळापत्रक देशपातळीवर ठरत होते. ते काम पाहणारे आंतरविद्यापीठ मंडळ १९२५ मध्ये स्थापन झाले होते, तेच १९७३ मध्ये भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखले जाऊ लागले. विभागीय आणि अखिल भारतीय स्पर्धा, त्यांच्या आधीचे काही दिवसांचे सराव शिबिर, आणि त्यांच्या अवतीभवती गोळा होणाऱ्या परीक्षा अशी आजही या वर्षाची रचना आहे, आणि सहामाही सत्रपद्धतीमुळे परीक्षा वर्षातून दोनदा येऊ लागल्यापासून ती अधिकच दाटली आहे.

अमेरिकेत तासांचा नियम का झाला आणि येथे का झाला नाही, याचे उत्तर खेळापेक्षा पैशात शोधावे लागते. तेथे महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या सामन्यांतून विद्यापीठांना मोठे उत्पन्न मिळते, शिष्यवृत्तीवर आलेला खेळाडू प्रशिक्षकाच्या हुकमतीखाली असतो, आणि म्हणून प्रशिक्षकापासून विद्यार्थ्याला वाचवण्यासाठी लेखी कुंपण घालावे लागले. खेळ विद्यार्थ्याचा अभ्यासाचा वेळ गिळतो, ही तक्रार १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालातही आहे, म्हणजे नियमापूर्वी साठ वर्षे ती चर्चेत होती. आणि १९९१ च्या नियमातही एक गमतीची सूट राहिली : सामन्याचा दिवस कितीही लांबला, तरी तो तीनच तासांचा धरला जातो. बडोद्यात असे उत्पन्न नव्हते आणि असा धाकही नव्हता. येथे प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचा वेळ जास्त मिळत असल्याची नव्हे, तर पुरेसा मिळत नसल्याचीच तक्रार असते, आणि हजेरीची अट व परीक्षेची तारीख हेच सरावाचे प्रत्यक्षातील नियामक ठरले. भारतीय विद्यापीठ संघाचे पात्रतेचे नियम खेळाडूचे वय, त्याचा नियमित प्रवेश आणि त्याची शैक्षणिक वर्षे यांकडे पाहतात. पहाटे मैदानावर घालवलेला तास त्यांत मोजला जात नाही, आणि तो मोजणारी वस्तादाची नजर विद्यापीठाच्या क्रीडाविभागात अधिकृतपणे कोणाच्याही वाट्याला आलेली नाही.