कॉलबॉयची थाप

आमची आजी अजूनही रात्री सावध झोपते. सवय जुनी आहे. आजोबा मालगाडीचे ड्रायव्हर, बिऱ्हाड कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तेव्हा घरोघरी फोन कुठले? रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, दारावर थाप, हातात कॉल-बुक. सही करायची, डबा भरून घ्यायचा आणि निघायचं. कसाऱ्याकडे जायचंय की कर्जतकडे ते कळायचं, पण परत कधी ते नाही. दिवसा आजोबा झोपले की खिडकीला जाड चादर लावायची आणि बाबा-काकांना दारात खेळायला बंदी.

आणि त्यांचं घोरणं! शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जायचं म्हणे. आमच्या घरात हा वर्षानुवर्षं चालत आलेला विनोद. परवा असाच तो निघाला तर आजी म्हणाली, "घोरण्याची भीती नव्हती रे. ते मध्येच थांबायचं ना, त्याची भीती वाटायची. मग मी हलवायचे, की एकदम मोठा श्वास घ्यायचे."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. हे तर स्लीप ॲप्नियाचं पुस्तकातलं वर्णन! झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला जेमतेम जागं करून श्वास घ्यायला लावतो. तासात 30 किंवा जास्त वेळा असं झालं तर आजार तीव्र. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. आठ तास झोपलो असंच तो सांगणार, आणि दिवसा पेंगणार.

मग दोन वीकएंड यातच गेले. शोधत होतो एकच गोष्ट: आजोबांच्या झोपेचा हिशोब कोणी ठेवला होता का?

कामाचा हिशोब सापडला. पहिली गाडी ठाण्याला आली 16 एप्रिल 1853 ला, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. पण रेल्वे कामगाराने किती तास काम करावं, हे कायद्यात यायला 1930 उजाडलं. त्याआधी 1919 च्या वॉशिंग्टन परिषदेत जगासाठी आठवड्याला 48 तास ठरले, तर ब्रिटिश हिंदुस्थानसाठी 60 ची खास सवलत! (सवलत कोणाला ते सांगायला नकोच.) 1930 च्या दुरुस्तीत सतत कामाला 60 तास आले आणि 'अधूनमधून' काम असणाऱ्यांना 84. म्हणजे सातही दिवस रोज 12 तास.

या 'अधूनमधून'ची व्याख्या आजच्या 1989 च्या रेल्वे कायद्यातही आहे, आणि मला ती फार आवडली. 12 तासांच्या पाळीत निम्मा किंवा जास्त वेळ असा, की माणूस ड्युटीवर आहे पण अंगमेहनत किंवा सलग लक्ष देण्याची गरज नाही. फाटकवाल्याचं उदाहरण घ्या. रात्री तीन वाजता गाडी नसताना तो निष्क्रिय. ठीक आहे. पण त्याला झोपता येतं का? आम्ही ऑन-कॉल असतो तेव्हा फोन उशाशी ठेवून जी झोप लागते, ती झोप असते का?

तास कमी करायचं मोठं काम केलं ते न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश, रेल्वे कामगारांच्या वादात लवाद. 1947 च्या त्यांच्या निवाड्यात अतिश्रमाच्या कामाला आठवड्याला 45, सतत कामाला 54 आणि अधूनमधूनच्या कामाला 75 तास आले. मग ऑगस्ट 1973 मध्ये लोको स्टाफचा संप आणि दहा तासांच्या ड्युटीचं आश्वासन. पुढच्या वर्षी 8 मे ते 27 मे तो प्रसिद्ध रेल्वे संप, मागण्यांत आठ तासांचा दिवस. हजारो लोक तुरुंगात गेले, क्वार्टर्स रिकाम्या करवल्या गेल्या. आजी त्या वीस दिवसांबद्दल फारशी बोलत नाही. 2005 च्या नियमांत अतिश्रमाचे 42 आणि सतत कामाचे 48 तास झाले.

म्हणजे 1930 पासून लढाई झाली ती ड्युटीच्या तासांवर, आणि ती व्हायलाच हवी होती. पण दोन ड्युट्यांच्या मधला वेळ सगळा 'विश्रांती' म्हणून जमा. त्यात झोप लागली की नाही, आणि लागली तर ती कसली, हा रकानाच नाही.

इंजिनिअर मंडळींनी दुसरा उपाय काढला. आपल्या लोकलमधला डेडमॅन हँडल: मोटरमनचा हात सुटला की ब्रेक. आमच्या भाषेत हार्टबीट चेक. पण हँग झालेला प्रोग्रॅमसुद्धा कधीकधी पिंगला उत्तर देत राहतो! ऑस्ट्रेलियात वॉटरफॉलला 31 जानेवारी 2003 ला तेच झालं. ड्रायव्हरला हृदयविकाराचा झटका आला, पण पायाचं वजन पेडलवर तसंच राहिलं. त्याच्यासकट सात जण गेले. म्हणून आता इंजिनात व्हिजिलन्स यंत्र असतं. मिनिटभर काहीच हालचाल नसेल तर दिवा, मग बझर, मग ब्रेक.

त्यानंतर महिन्याभरातच, 26 फेब्रुवारी 2003 ला, जपानमध्ये ओकायामाजवळ बुलेट ट्रेनचा ड्रायव्हर आठेक मिनिटं झोपला. वेग 270 किमी, मागे 800 प्रवासी. स्वयंचलित यंत्रणेने गाडी थांबवली, कोणाला खरचटलंही नाही. तपासणीत निघाला स्लीप ॲप्निया. न्यूयॉर्कला डिसेंबर 2013 मध्ये नशीब एवढं चांगलं नव्हतं. 30 मैलांच्या वळणावर गाडी 82 मैलांनी आली आणि चार जण गेले. तिथल्या ड्रायव्हरलाही हाच आजार, आधी निदान न झालेला.

आपल्याकडची गोष्ट आजाराची नाही, थकव्याची आहे. 22 मे 2010, मंगळूर, दुबईहून आलेलं विमान, 158 मृत्यू. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत कळलं की कॉकपिटच्या रेकॉर्डिंगमध्ये कॅप्टनचं घोरणं ऐकू येतं, दीड तासाहून जास्त. उतरायच्या थोडं आधी तो उठला, पण मेंदू पुरता उठलेला नव्हता.

आणि हा आजार दुर्मिळ आहे असं समजू नका. 2004 साली मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेतल्या श्वासाची गडबड 19.5 टक्क्यांना, आणि दिवसाच्या पेंगेसकट पूर्ण आजार 7.5 टक्क्यांना. लोकलच्या डब्यात चौथी सीट मिळवून ठाण्याच्या आत मान टाकणारे सगळे काही फक्त दमलेले नसतात.

आजोबा 2009 साली गेले. त्यांना हा आजार होता असं मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं मात्र झालं, की आजीचं ऐकून मी बाबांना झोपेच्या तपासणीला पाठवलं. (घोरणं वारशाने आलंय, तरी तीन आठवडे भांडलो.) तासाला 34 वेळा निघालं. आता ते रात्री मास्क लावून झोपतात. मशीनचा बारीक आवाज येतो, घोरणं नाही.

त्यामुळे आजीची पंचाईत झालीये. रात्री दोनदा उठते, बाबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहते आणि हा आवाज का करत नाही म्हणून कान देऊन ऐकते.