ग्राम आरोग्य कार्यकर्ती (जामखेड प्रकल्प)

ग्राम आरोग्य कार्यकर्ती ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ या आरोग्य प्रकल्पाचा कणा मानली जाते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. रुग्णाची अवस्था ओळखून योग्य निर्णय घेण्याचे कौशल्य, म्हणजेच नैदानिक निर्णयक्षमता, कशी घडते हे समजून घेण्यासाठी परिचर्येच्या विद्यार्थ्यांना या कार्यकर्तीचे उदाहरण उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका आहे. प्रारंभी प्रकल्पाने गावांत प्रशिक्षित सहायक परिचारिका-प्रसाविका ठेवून पाहिल्या. मात्र बाहेरून आलेल्या या तरुणींना परक्या गावात एकटे राहणे कठीण जाई आणि गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. त्यांच्याजवळ ज्ञान होते, पण गावाची व रुग्णाची ओळख नव्हती. त्यामुळे गावातीलच स्त्रीला शिकवावे, हा विचार पुढे आला. परिचारिका फिरत्या पथकातून गावांना भेटी देऊन या स्त्रियांना मार्गदर्शन करू लागल्या.

निवड व प्रशिक्षण

कार्यकर्तीची निवड गावकरी करीत. निवडलेल्या अनेक स्त्रिया गरीब व दलित कुटुंबांतील होत्या आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या नियमितपणे जामखेडच्या केंद्रात एकत्र येत. चित्रे, प्रात्यक्षिके आणि गावात आलेल्या अनुभवांवरील चर्चा यांतून शिक्षण चाले. प्रसूती, बालसंगोपन, आहार आणि कुष्ठरोग व क्षयरोगाची लक्षणे हे त्यातील प्रमुख विषय होते.

निर्णयाचे टप्पे

अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ ख्रिस्तीन टॅनर यांनी २००६ मध्ये नैदानिक निर्णयाचे चार टप्पे मांडले: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीचा पुन्हा विचार करणे. अतिसार झालेल्या तान्ह्या मुलाच्या उदाहरणावरून ते स्पष्ट होतात.

टाळू खोल गेल्याचे आईच्याही लक्षात येते. परंतु ‘टाळू पडली’ असा अर्थ लावून ती तेलाने भरली जाते. निरीक्षण बरोबर असते, अर्थ चुकतो. टाळूबरोबरच डोळे खोल गेले असतील आणि चिमटीत धरून सोडलेली पोटाची त्वचा सावकाश पूर्ववत होत असेल, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असा अर्थ निघतो. मूल पीत असेल तर स्तनपान चालू ठेवून क्षारसंजीवनी थोडी थोडी पाजावी. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे (चहाचा चमचा). मूल सुस्त असेल, काहीच पीत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे. मूल बरे झाल्यावर आजार कशाने झाला, पाणी कोठून येते, याची चौकशी हा निर्णयाचा शेवटचा भाग होय.

परिणाम

प्रकल्पाच्या नोंदींनुसार कार्यक्षेत्रातील अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होता. १९९३ पर्यंत तो १९ वर आला. या घटीत पिण्याचे पाणी, पोषण, लसीकरण, महिला मंडळे व शेतकरी मंडळे यांचाही वाटा होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

परिचर्या शिक्षणातील महत्त्व

कार्यकर्तीच्या कामामागे फिरते पथक व रुग्णालय यांचा आधार होता. आपल्या मर्यादा ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठविणे हा तिच्या कौशल्याचाच भाग होता. प्रशिक्षित परिचारिकेची जागा ती घेत नाही. मात्र परिचारिकेला रुग्णाचे घर, अन्न, पाणी आणि समजुती ठाऊक नसतील तर तिचे ज्ञानही अपुरे पडते, हे जामखेडच्या अनुभवातून दिसते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ पासून नेमल्या जाणाऱ्या ‘आशा’ कार्यकर्त्याही त्याच गावातील रहिवासी असाव्यात, असा नियम आहे.