तांब्याचा बंब ते शॉवर : नाशिकचे स्नान आणि फुफ्फुसांत शिरणारे पाणी

#थ्रेड

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील हा लेख म्हणजे त्याच्या दानांची यादीच होय. गाई, गावे, नद्यांवरच्या विनामूल्य नावा, बार्णासा नदीवर बांधलेला घाट अशी ही यादी पुढे गोवर्धनातील त्रिरश्मी पर्वतावर येते. तेथे त्याने हे लेणे खोदवले आणि त्यासोबत ‘पोढी’ करवल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. लेणी पाहायला जाणारे स्तंभांपाशी आणि मूर्तींपाशी रेंगाळतात. या टाक्यांत मात्र फारसे कोणी डोकावत नाही. वास्तविक नाशिकच्या लिखित इतिहासाच्या अगदी पहिल्या पानांवर पाणी साठवण्याची ही सोय नोंदलेली आहे.

पाणी साठवले की त्यात काहीतरी जगू लागते. ते काय असते, हे कळायला मात्र आणखी सतराशे वर्षे जावी लागली.

या सतराशे वर्षांत नाशिकचे स्नान मुख्यतः नदीवरचे राहिले. रामकुंडाचे बांधकाम सतराव्या शतकाच्या अखेरचे मानले जाते आणि अठराव्या शतकात माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, अशी परंपरा आहे. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की येथे आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर सिंहस्थ भरतो. अशा स्नानपर्वांतला मोठा धोका पोटातून येई. १८६७ च्या हरिद्वार कुंभानंतर घरोघर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर कॉलरा उत्तर हिंदुस्थानभर पसरला, हे वैद्यकीय इतिहासातले ठळक उदाहरण आहे.

घरातले स्नान वेगळे होते. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या नाशिक गॅझेटियरमध्ये या शहराच्या तांब्या-पितळेच्या कामाची आवर्जून नोंद आहे. तांबटांच्या हातून घडलेल्या भांड्यांत बंब हे भांडे विशेष म्हणावे लागेल. मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाण्याचा कोठा, खाली राखेची जागा, बाजूला तोटी. नळीत लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे टाकायचे, कढत पाणी घंगाळात काढायचे, त्यात थंड पाण्याचे विसण घालायचे आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. ‘विसण’ हा शब्द आजच्या पिढीतून जवळजवळ नाहीसा झाला आहे. गिझरच्या नळाला तो लागू पडत नाही, हे त्याचे कारण असावे.

या व्यवस्थेचे तीन गुण होते, आणि तिन्ही कोणी ठरवून आणलेले नव्हते. पाणी रोज नवे भरले जाई. ते अंगाला सोसेल त्यापेक्षा बरेच अधिक तापवले जाई आणि मग निववले जाई. शिवाय ते तांब्यातून धारेने पडे, फवाऱ्याने नव्हे. हे तीन गुण लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या शंभर वर्षांत ते एकेक करून निघून गेले.

आता थोडे बर्लिनकडे वळू. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवला आणि १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला कॉलऱ्याचा जंतू सापडला. एकाच माणसाच्या या दोन शोधांनी सार्वजनिक आरोग्याच्या विचारात दोन स्वतंत्र कप्पे पडले: पाण्यातून पोटाचे रोग, हवेतून फुफ्फुसांचे. ही विभागणी इतकी सोयीची होती की जवळजवळ शतकभर कोणी तिला धक्का लावला नाही. पाणी प्यायला सुरक्षित झाले की प्रश्न संपला, असे मानले गेले.

त्या मर्यादेत यश मोठे होते. आग्र्याचा रसायन-परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन याने कॉलऱ्याच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. जांभळ्या पाण्याच्या विहिरी जुन्या पिढीच्या आठवणीत होत्या त्या यामुळेच. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात नियमित क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली आणि ती पद्धत जगभर गेली. नाशिकजवळ गोदावरीवर गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. पुढे दारणा आणि मुकणे धरणांचे पाणीही शहराला मिळू लागले. नळाला येणाऱ्या शुद्ध केलेल्या पाण्याने जितके जीव वाचवले, तितके फार थोड्या औषधांनी वाचवले असतील. क्लोरीनविषयी पुढे जे लिहिले आहे ते वाचताना हे विसरता कामा नये.

पाणी नळातून आले, पण चोवीस तास आले नाही. म्हणून प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर टाकी बसली. बंब माळ्यावर गेला, मग मोडीत गेला, आणि न्हाणीघरात गिझर व शॉवर आले. पाणी आता टाकीत, नळीत आणि गिझरच्या पोटात पडून राहू लागले. वीजबिलाच्या धाकाने कोमटच तापू लागले. आणि बारीक तुषारांच्या रूपात श्वासात जाऊ लागले. बंबाचे तिन्ही गुण गेले ते असे.

कॉखच्या दोन कप्प्यांमधली भिंत १९७६ च्या उन्हाळ्यात पडली. फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतरच्या दिवसांत २२१ जण न्यूमोनियासारख्या आजाराने आडवे झाले आणि ३४ दगावले. तब्बल सहा महिने कारण सापडेना. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने एक अनोळखी जिवाणू वेगळा काढल्याचे जाहीर झाले. त्याचे नाव पडले लीजनेला. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. तो पाण्यात राहतो, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात फोफावतो आणि तुषारांवर बसून फुफ्फुसांत शिरतो. काही वर्षांतच रुग्णालयांच्या शॉवरमधून तो सापडू लागला. पाणी पिऊन नव्हे, तर पाण्याचा श्वास घेऊन रोग होतो, ही कल्पना डॉक्टरांना नवी होती.

दुसरा पाहुणा अधिक चिवट आहे. क्षयाच्या जंतूची अनेक भावंडे माती-पाण्यात राहतात. अर्नेस्ट रुनियन याने १९५९ मध्ये त्यांची वर्गवारी केली. आज त्यांना एनटीएम, म्हणजे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया म्हणतात. त्यांच्या अंगावर मेणासारखे कवच असते. त्या कवचामुळे क्लोरीन त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाही, उलट त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर जीव मारून टाकते. २००९ मध्ये नॉर्मन पेस यांच्या चमूने अमेरिकेतील नऊ शहरांतल्या ४५ शॉवरची तोंडे तपासली. आतल्या बुळबुळीत थरात, मूळ पाण्याच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक प्रमाणात या कुळातील जिवाणू आढळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत क्लोरीनयुक्त सार्वजनिक पुरवठ्याच्या घरांत ते विहिरीच्या पाण्याच्या घरांपेक्षा जास्त दिसले. कॉलऱ्यापासून वाचवणारे रसायनच या जिवाणूंना मोकळे मैदान देते, असा हा विपरीत न्याय आहे. यावरून क्लोरीन बंद करा असे कोणी म्हणू लागला, तर त्याला १८६७ चे हरिद्वार दाखवावे.

निरोगी माणसाच्या फुफ्फुसांना या जिवाणूंचे बहुधा काही वाटत नाही. रोज कोट्यवधी लोक शॉवरखाली उभे राहतात आणि ठणठणीत असतात. धोका आहे तो आधीच दुखावलेल्या फुफ्फुसांना: जुना दमा व धूम्रपानाने झिजलेली फुफ्फुसे, प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या औषधांवर असलेले रुग्ण, वृद्ध, आणि क्षयातून बरे झालेले लोक. या शेवटच्या गटामुळे हा विषय महाराष्ट्राचा होतो. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षय बरा होतो, पण मागे व्रण, पोकळ्या आणि रुंदावलेल्या श्वासनलिका ठेवून जातो, आणि एनटीएमला अशीच जागा हवी असते. अशा माणसाला पुन्हा खोकला सुरू झाला, थुंकीच्या साध्या तपासणीत आम्लरोधी जंतू दिसले, की सूक्ष्मदर्शकाखाली ही दोन्ही भावंडे एकसारखीच भासतात. क्षय उलटला असे समजून उपचार चालू होतात, गुण येत नाही, मग औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा संशय येतो. सीबीनॅट चाचणीत क्षयाचा जंतू मिळाला नाही आणि सूक्ष्मदर्शकात मात्र जंतू दिसले, तर एनटीएमचा विचार करून कल्चर करणे आवश्यक ठरते. कारण त्याची औषधे वेगळी असतात आणि ती वर्षभराहून अधिक काळ घ्यावी लागतात.

अशा घरांत काय करता येते, याचे उत्तर गंमतीने सांगायचे तर बंबाकडेच आहे. गिझरमधील पाणी ६० अंशांच्या आसपास तापवले तर लीजनेला टिकत नाही. अमेरिकेतील घरांच्या पाहणीत ५५ अंशांखाली ठेवलेल्या टाक्यांत एनटीएम अधिक सापडले होते. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत भाजते. म्हणून ते बादलीत काढून विसण घालावे, लहान मुले व वृद्धांच्या बाबतीत तर न चुकता. फुफ्फुसांचा जुना आजार असलेल्याने शॉवरऐवजी बादली-तांब्या वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय. विसणाच्या पाण्यात जिवाणू असले तरी धारेतून श्वासात जाणारे तुषार फारच थोडे उडतात. शॉवर हवाच असेल तर मोठ्या छिद्रांचा घ्यावा, खिडकी उघडी ठेवावी किंवा पंखा लावावा, दर काही महिन्यांनी तोंड काढून व्हिनेगरमध्ये भिजवून घासावे. क्षार साचलेले जुने तोंड सरळ बदलावे. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गच्चीवरची टाकी झाकलेली, सावलीत आणि ठरावीक काळाने धुतलेली असावी. गावाहून परतल्यावर आधी गरम पाणी काही मिनिटे वाहू द्यावे आणि तेवढा वेळ न्हाणीघराबाहेर थांबावे.

म्हणून बंब परत आणावा काय? मुळीच नाही. ज्या स्त्रिया पहाटे उठून तो पेटवत, त्यांच्या फुफ्फुसांत गेलेल्या धुराचा हिशेब कोणी ठेवला नाही. तांब्याचे भांडे जंतू मारते, हे खरे. परंतु बंबात मुख्य काम उष्णतेचे होते, आणि उष्णतेला धूर लागतोच असे नाही.

२०२७ चा सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकला ठरलेला आहे. रामकुंडाच्या पाण्याची तपासणी होईल, घाटांवर औषध फवारले जाईल, कॉलऱ्याची जुनी धास्ती प्रशासनाला अजून जागे ठेवते. पण लाखो यात्रेकरू, त्यांतले कित्येक वयोवृद्ध, ज्या लॉजांत आणि धर्मशाळांत उतरतील, तेथील अनेक खोल्या त्याआधी कित्येक दिवस बंद राहिलेल्या असतील. त्या खोल्यांच्या नळ्यांत पाणी तुंबलेले असेल, आणि पहिल्या पहाटे कोणीतरी शॉवर सोडेल. व्यवस्थापकाने आदल्या दिवशी प्रत्येक खोलीतले गरम पाणी दहा मिनिटे सोडून ठेवले, खिडक्या उघडल्या आणि गिझरचा काटा ६० वर नेला, तर १९७६ च्या त्या हॉटेलमधल्या प्रकाराला येथे सहसा वाव मिळणार नाही. त्यासोबत प्रत्येक न्हाणीघरात एक बादली आणि एक तांब्याही ठेवावा.