टेम्पो : हॅम्बुर्गहून भिवंडीला आलेला शब्द

भिवंडीच्या गोदामांतून कापड वाहणाऱ्या कोणत्याही लहान मालवाहू गाडीस आपण ‘टेम्पो’ म्हणतो. मुळात हे हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीचे व्यापारनाम. तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने १९५८ पासून तीनचाकी हान्सेआट येथे बांधली.

इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. बहुतेक बिघाडांचे मूळ तेथेच. तेल अधिक पडले की धूर आणि प्लगवर काजळी. कमी पडले की पिस्टन जाम. (त्याच काळातील डीकेडब्ल्यू मॉन्झा या ऐटबाज जर्मन स्पोर्ट्स कारचीही हीच तऱ्हा!) जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच प्रथम प्लग काढून पाहावा. तो काळा, ओला असेल तर मिश्रण तपासावे. पांढुरका असेल तर इंजिन फाजील तापते आहे. सायलेन्सरमधील कार्बन खरवडला नाही, तर गाडी चढावर दम टाकते.

२००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. गोदामाच्या दारात मात्र अजून टेम्पोच लागतो.